वाढलेल्या चुका

दवाखान्यातला शिकवणीचा वर्ग बंद करायचा का, हे त्या सकाळी ठरणार होतं. वर्ग घेणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. औषध न चुकता कसं द्यायचं आणि चुकलंच तर लगेच कसं लिहायचं, एवढंच ते नर्सना शिकवत.

जिन्यात मेहुणीने त्यांना गाठलं. ती वॉर्डची मुख्य सिस्टर.

"दाजी, आत माझं नाव निघू देऊ नका. झाकली मूठ सव्वा लाखाची. नोकरी जाईल माझी."

मास्तर नुसते "बरं" म्हणाले.

आत बैठकीला दवाखान्याचे मोठे साहेब, हिशेबनीस, मास्तर आणि मेहुणी बसले. साहेबांनी आकड्यांचा कागद पुढे सरकवला. "वर्षभर वर्गावर खर्च केला. फायदा काय? चुका तिप्पट! पैसे मोजून चुका शिकवतोय की काय आपण?"

हिशेबनीस फिदीफिदी हसले.

"चुका नाही वाढल्या साहेब, लिहिणं वाढलं," मास्तर म्हणाले.

"कशावरून?"

"वर्ग सुरू होण्याआधी माझी बायको इथेच गेली. सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांची अदलाबदल झाली. त्याआधीही तीच गल्लत झाली होती. वेळेवर लक्षात आली, पण कुणी लिहिली नाही. लिहिली असती तर बाटल्या वेगळ्या ठेवल्या असत्या. दोन्ही गल्लती झाल्या, तरी तुमच्या कागदावर त्या महिन्यात शून्य चुका आहेत."

"वाईट वाटतं मास्तर. पण आधीची गल्लत तुम्हाला कोणी सांगितली?"

मास्तरांनी टेबलाकडे बघितलं. "ते नाही सांगणार."

"मग ऐकीव गोष्टीवर वर्ग चालवू?" साहेबांनी सही करायला पेनचं टोपण काढलं.

"मी सांगितली." मेहुणी उभी राहिली होती. "वॉर्ड माझा, बहीणही माझीच. पोरी विचारायला आल्या होत्या. मीच म्हटलं, जाऊ दे, लिहू नका, वॉर्डचं नाव खराब होईल."

हिशेबनिसांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"आणि आता?" साहेबांनी विचारलं.

"आता लिहितात. या महिन्यात तशाच गल्लती पेशंटपर्यंत जायच्या आत पकडल्या. त्यासुद्धा तुमच्या तिपटीत मोजल्यात. पेशंट चालत घरी गेले, ते कुठे मोजलेत?"

साहेबांनी कागदावरचे आकडे पुन्हा वाचले. मग पेनला टोपण लावलं. "वर्ग चालू राहू दे. पुढच्या वेळी पकडलेल्या चुका वेगळ्या काढून आणा." ते मेहुणीकडे वळले. "सिस्टर, तुम्ही थांबा. बाकीचे निघा."

हिशेबनीस उठले. मास्तर हलले नाहीत.

"मास्तर, तुम्हीसुद्धा."

"ती एकटी नाही बसणार, साहेब," असं म्हणून मास्तरांनी आपली खुर्ची तिच्या शेजारी ओढली.