आंबटाचं माप

नवऱ्याचं आयुष्य बारमध्ये रम पंच बनवण्यात गेलं, पण घरात त्याने थेंबही आणला नव्हता. निवृत्तीनंतर आज पहिल्यांदाच ओट्यावर रमची बाटली उभी होती, कारण त्याला हे काम शिकवणारे उस्ताद संध्याकाळी येणार होते. पंचाईत अशी, की मागच्या तापात नवऱ्याच्या तोंडाची चव गेली ती परत आलीच नव्हती. हे ठाऊक होतं फक्त बायकोला. उस्तादांना कळलं तर आपली उरलीसुरली पत जाईल, या धास्तीने गडी सकाळपासून चिडचिडत होता.

"एक माप आंबट, दोन गोड, तीन रम, चार पाणी. मापात मी चुकत नाही."

"माप बरोबर हो, पण लिंबं शिळी आहेत त्याचं काय?" बायको म्हणाली.

"तू कधी घोट तरी घेतलायस का?"

तिने कालवलेल्या पंचात चमचा बुडवून सरळ जिभेला लावला. घसा जळला, डोळ्यांत पाणी आलं, पण बाईने तोंड वाकडं केलं नाही.

"गोडमिट्ट झालंय. अजून दोन लिंबं पिळा."

अडला हरी म्हणतात तसं त्याने मुकाट्याने पिळली. त्यातलं गाढव कोण, हे तिने विचारलं नाही. पुन्हा चाखलं, मग एकच पिळायला लावलं. वरून जायफळ किसलं.

उस्ताद आले, टेकले, घोट घेतला आणि डोळे मिटून बसले.

"लेका, तू तर माझ्या पुढे गेलास! बारमध्ये तुझा पंच नेहमी गोडाकडे झुकायचा."

बायकोला असा अभिमान वाटला की हसू आवरेना. पण नवऱ्याचा चेहरा उजळलेला पाहून तिने ओठ घट्ट मिटले. मिरवू दे त्याला, कौतुक घरातच तर राहतंय.

नवरा मात्र ग्लासकडे बघत होता.

"उस्ताद, मला आता चव कळत नाही. काहीच नाही. हा पंच हिच्या जिभेचा आहे."

उस्ताद उरलेला पंच संपवून रिकामा ग्लास घेऊन ओट्याशी आले.

"सूनबाई, अजून एक. सुरुवातीपासून करा, मला बघू द्या."

नवरा बाजूला सरकला. इतकी वर्षं कोणाला हात लावू न दिलेलं माप त्याने तिच्या हातात दिलं, आणि उस्तादांकडे असं पाहिलं, जणू बक्षीस त्यालाच मिळालं होतं.