राखीव खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. लाल, प्लास्टिकची, हात असलेली. जळगावच्या एमआयडीसीत साच्यातून निघाले आणि हिलालनाना मंडपवाल्यांच्या टेम्पोत चढले, ती आजतागायत चढते आहे नि उतरते आहे. लग्नं, दहावे, सभा, सगळं सोसलं. पण दरवर्षीचा तो अहिराणी गीत पुरस्कार सोहळा आला की माझे चारही पाय दुखायला लागतात.

पुरस्कार गाणाऱ्यांचे आणि सत्कार पाहुण्यांचे! पाहुण्यांचा, पाहुण्यांच्या मित्रांचा, मंडप घातला म्हणून हिलालनानांचासुद्धा. शाल, नारळ, फोटो. गाणारी मंडळी तोवर घसा खाकरत बसलेली.

गेल्या वर्षी मी पहिल्या रांगेत होते. माझ्या पाठीवर, टेकायच्या बाजूला, चिकटपट्टीच्या एका तुकड्याने कागद लावला होता, 'राखीव : झुंबरबाई'. काय ऐट होती माझी त्या दिवशी! झुंबरबाई धुळ्याकडच्या एका खेड्यातल्या. कानबाई देवीच्या सणाची त्यांची गाणी सून हेमांगीने मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि ती खानदेशभर वाजली. सत्तरी गाठल्यावर पहिल्यांदाच त्यांना कुणी नावानिशी बोलावलं होतं.

त्या पोचायच्या आतच भूपेंद्रभाऊ येऊन बसले. हे भाऊ नेमके कोण, ते कुणालाच ठाऊक नाही, पण प्रत्येक फोटोत असतात. झुंबरबाईंना घेऊन आलेल्या हेमांगीने सांगितलं, तुमच्या पाठीमागे सासूबाईंचं नाव आहे. भाऊंनी आणखी रेलून विचारलं, कुठे आहे? उठले असते तर दिसलं असतं ना!

वर झुंबरबाईंना म्हणाले, "अक्का, मागे बसा. तिथे वारा छान लागतो."

झुंबरबाई शेवटच्या रांगेत गेल्या. मला असा संताप आला, की वाटलं एक पाय मोडून घ्यावा. पण आमच्या कंपनीचा माल पक्का.

दोन तास भाऊ घामेजली पाठ माझ्यावर घासत होते. मग झुंबरबाईंचं नाव पुकारलं. त्यांचे गुडघे दुखरे, उठून निघेपर्यंत निवेदक म्हणाला, हजर नसतील तर प्रतिनिधीने यावं. भाऊ तयारच होते. आमच्याच भागातल्या आहेत म्हणत ते उठले आणि कागद त्यांच्या जॅकेटला चिकटून गेला. पायऱ्या चढताना सगळ्या मंडपाने तो वाचला. हशा पिकला. भाऊंना वाटलं आपल्यावरचं प्रेम. त्यांनी वळून हात जोडले.

तेवढ्यात हेमांगीचा हात धरून झुंबरबाई मंचावर पोचल्या. निवेदकाने घाईघाईने ट्रॉफी पुढे केली. त्यांनी आधी भाऊंच्या मागे जाऊन कागद हळूच सोडवला.

"भाऊ, हाई मन्हं नाव शे," त्या म्हणाल्या.

कागदाची घडी कमरेला खोचली आणि मग ट्रॉफी घेतली. गाणं? त्याला वेळ नव्हता म्हणे, मान्यवरांची मनोगतं बाकी होती. झुंबरबाई खाली आल्या, माझ्यात बसल्या आणि मनोगतं चालू असताना कानबाईचं गाणं स्वतःशीच गुणगुणल्या. ते माझ्या पाठीत उतरलं. तेवढ्याने मी सगळं विसरले होते.

आज पुन्हा तोच सोहळा, तीच पहिली रांग. सकाळी माझ्या पाठीवर नवा कागद लागला आहे, 'राखीव : भूपेंद्रभाऊ'.

बाबांनो, कुणीतरी येऊन हा काढा. यंदा चिकटपट्टी चारही बाजूंनी लावली आहे.