‘आत्ता बघा’चं बटण

मासळी बाजारामागच्या कचऱ्याच्या डब्यात ठकी कमरेपर्यंत वाकली होती. श्वास रोखून ती झाकणाच्या आतल्या छोट्या पेटीचे स्क्रू सोडवत होती. पेटीतली बॅटरी पुन्हा मेली होती, आणि नवी घालून फार दिवसही झाले नव्हते.

पेट्या तिच्या मामांच्या कंपनीच्या. डबा किती भरलाय ते पेटीने मोजायचं, आतल्या सिमकार्डावरून ऑफिसला कळवायचं, आणि गाडीने भरलेल्याच डब्यांपाशी जायचं, अशी योजना. कंपनीत माणसं दोनच: पेट्या विकणारे मामा आणि बाकी सगळं करणारी ही इंजिनियर भाची.

“मामा, पेट्यांना झोपू द्या हो,” ऑफिसात येऊन खसाखसा हात धूत ती म्हणाली. “कचरा काय पळून जातोय? अधूनमधून उठून सांगितलं तरी पुष्कळ झालं.”

“आणि माझं बटण?”

मामांच्या फोनवर ‘आत्ता बघा’ असं एक हिरवं बटण होतं. दाबलं की शहरातला हवा तो डबा स्वतःची हालहवाल सांगायचा. मामा ते चहा पिताना दाबत, जेवताना दाबत, मामींशी वाद हरायला लागले की हमखास दाबत. ते कधी दाबतील याचा नेम नाही म्हणून बिचाऱ्या पेट्या अष्टौप्रहर टॉवरकडे कान लावून जाग्या बसत, आणि त्या जागरणातच बॅटऱ्या संपत.

“ते बटणच बॅटऱ्या खातंय, मामा.”

“अगं, त्या बटणावरच तर गिऱ्हाईक भाळतं! आणि बॅटऱ्या बदलायला तू आहेस की. तेवढाच व्यायाम.”

हे शेवटचं वाक्य मामांनी बोलायला नको होतं.

त्याच दुपारी ते खुर्चीत घोरत असताना ठकीने झाडून सगळ्या पेट्यांना नवी शिकवण धाडली: गाढ झोपा, काही तासांनी उठा, काय ते सांगा, परत झोपा. बटण मात्र जागच्या जागी ठेवलं. आता ते दाबलं की एक चक्र गंभीरपणे फिरे आणि पेटीने शेवटचा सांगितलेला आकडा समोर येई. उद्या कुणी खोटारडी म्हणू नये म्हणून खाली करड्या, बारीक अक्षरांत त्या नोंदीची वेळही होती. चष्मा लावला की आपण म्हातारे दिसतो, या समजुतीपायी मामा ती वाचणार नव्हतेच.

“काय वेग आलाय गं!” मामा खूश झाले. बॅटऱ्याही मरेनात. त्याचं श्रेय त्यांनी स्वतःलाच दिलं. “बॅटरीवाल्याला असा झापलाय म्हणतेस!”

मग एके दिवशी शेजारच्या शहराच्या सफाई खात्याच्या मुख्य बाई पेट्या बघायला आल्या. मामांनी त्यांना थेट ऑफिससमोरच्या डब्यापाशी नेलं, डब्याकडे पाठ केली आणि ऐटीत बटण दाबलं.

“हा बघा. रिकामा!”

बाईंनी डब्याकडे बघितलं. कुणीतरी नुकतीच जुनी गादी फाडून कोंबली होती. कापूस बाहेर लोंबत होता आणि त्यावर एक मांजर ऐसपैस पसरलं होतं.

पेटी झोपेतच होती, आणि फोनवर आलेला आकडा जुना होता. पण पेटीला एक खोड होती: कुणी डबा उलथवला तर कळावं म्हणून जोराचा धक्का बसला की ती झोपेतून उठून ताज्या आकड्यासकट बोंब मारायची. ठकीने डब्याला सणसणीत लाथ घातली. मांजर उडालं.

“तोल गेला,” पायाचा अंगठा चोळत ती म्हणाली. “हं मामा, पुन्हा दाबा.”

“भरला!” मामा ओरडले. मग वळून डबा बघितला आणि सावरून म्हणाले, “पेटी विचार करून बोलते आमची.”

ते फोन ठकीकडे देऊन चहा सांगायला गेले तेव्हा बाईंनी तो हातात घेतला, पर्समधून चष्मा काढला आणि करडी अक्षरं सावकाश वाचली.

“हे बटण नक्की करतं काय?”

“चक्र फिरवतं,” ठकी म्हणाली. “आणि मामांना बरं वाटतं.”

मग तिने झोपेचं सगळं प्रकरण सांगून टाकलं. बॅटरी आता काही वर्षं टिकेल, हेही सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

“माझ्या डोक्यावर एक साहेब आहेत,” त्या हळूच म्हणाल्या. “सारखं ‘आत्ता काय परिस्थिती?’ विचारतात. त्यांच्यासाठी असंच एक, जरा मोठं बटण करून देशील?”

काम मिळालं. त्या आनंदात ठकीने मामांना खरं काय ते सांगितलं.

“म्हणजे इतके दिवस मी कुणाला विचारत होतो?” मामांचा चेहरा पडला.

“कुणालाच नाही.”

मामा फुगले. दिवसभर तिच्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नवं गिऱ्हाईक आलं, तेव्हा ठकीने दाराआडून ऐकलं.

“आमची पेटी झोपाळू आहे, साहेब,” मामा छाती फुगवून सांगत होते. “मुद्दामच तशी ठेवलीय. भाची ऐकतच नव्हती, मीच हट्ट धरला!”

ठकीने तोंडावर हात दाबला आणि पोटभर हसून घ्यायला ती जिन्याकडे पळाली.