भिंतीतलं पहिलं भोक

उमाकांतरावांना भिंतीची भीती वाटते, हे नयनाला लग्नानंतर लगेचच कळलं होतं. ती किती वाटते, हे मात्र बेळ्ळंदूरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर कळलं.

दोघांचा सगळा संसार कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये झाला. तिथल्या भिंती सरकारी. खिळा ठोकायचा नाही, भोक पाडायचं नाही, घर घेतलं तसं परत द्यायचं. बाकीच्यांनी कॅलेंडरआड गुपचूप खिळे ठोकले. पण उमाकांतराव पडले क्वालिटी विभागातले. त्यांच्याकडे आरसा खुर्चीवर, घड्याळ फ्रिजवर आणि देव लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. घर सोडताना तपासायला आलेल्या माणसाने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सार, भिंत अगदी नवी!" त्या वाक्यावर उमाकांतराव आठवडाभर तरंगत होते.

आता घर स्वतःचं होतं. भिंती नव्या होत्या, पण नयनाचे गुडघे जुने झाले होते. पूजेला खाली बसलं की उठताना कपाटाचा आधार घ्यावा लागे. एकदा तर कपाटच तिच्या अंगावर झुकलं.

"मला देव्हारा भिंतीवर हवा. उभ्याने पूजा करता येईल असा. पाडव्याच्या आत," तिने सांगून टाकलं.

सागवानी देव्हारा आला आणि सोफ्यावर पाहुण्यासारखा बसून राहिला.

उमाकांतराव कामाला लागले, म्हणजे अभ्यासाला लागले. ड्रिल मशीन घरात होतंच. खाली पडलेला काँक्रीटचा एक तुकडा उचलून आणून त्यांनी आधी त्यावर आपला कारखान्यातला लाडका बिट, म्हणजे मशीनच्या तोंडाला लावायचं भोक पाडणारं पातं, चालवून पाहिला. आयुष्यभर ॲल्युमिनियम लोण्यासारखं कापणारा तो बिट टोकाला निळा पडला, आणि काँक्रीटवर नुसता ओरखडा. उमाकांतराव दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून मात्र जेवताना बोलणं फक्त बिटांचं.

"काँक्रीट कापत नाही नयना, फुटतं. म्हणून दगडी कामाच्या बिटाला कार्बाइडचं टोक. बघ, चपटं, आणि दांड्यापेक्षा किंचित रुंद. मशीन फिरता फिरता ठोकतं, आणि हे टोक फोडत जातं."

"आमटी वाढू?"

"टाइल असेल तर मात्र ठोकणं बंद! नाहीतर तडा गेलाच."

"बरं. भात?"

बिट आणायला ते यशवंतपूरच्या बाजारात मल्लाप्पाच्या दुकानात जात. अख्खं शहर ओलांडून. आज जाड आणला, उद्या त्याचं भोक स्क्रूच्या प्लास्टिक प्लगला सैल होईल म्हणून बारीक आणला, परवा लांबी कमी वाटली. मल्लाप्पा बिचारा भला माणूस, पण एकदा त्यालाही राहवलं नाही. "सार, मने ओंदे अल्वा?" घर एकच आहे ना, असं त्याने कानडीत विचारलंच. डबा बिटांनी भरला. भिंतीवर पेन्सिलची खूण उमटायची आणि पुसली जायची. घोडं तिथेच पेंड खात होतं.

पाडवा परवावर आला. देव अजून खालच्या खणात. नयनाला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. माणूस आळशी असता तर भांडता आलं असतं. हा तर घाबरला होता.

उमाकांतराव बाल्कनीत झाडांना पाणी घालत होते. नयनाने डबा उघडला. इतके दिवस जेवताना तिच्या पोटात काय नुसती आमटीच गेली होती? तिने बरोबर हवा तो बिट वेचून काढला: मधे टोचणी असलेला, लाकूडकामाचा, भिंतीवर मुळीच न चालणारा. मशीनला लावला, ठोकण्याची कळ मुद्दाम बंद ठेवली आणि भिंतीपाशी उभी राहून हाक मारली, "अहो, मीच पाडते भोक!"

उमाकांतराव झारी टाकून धावत आले.

"नयना! अगं, तो लाकडाचा बिट आहे!"

"असू दे. चांगला टोकदार आहे. स्वल्प दाबलं की जाईल."

"दाबायचं नसतं! आणि ठोकणं बंद आहे!"

"सरी, ठीक आहे. मग जोरात दाबते."

त्यांनी मशीन तिच्या हातातून ओढूनच घेतलं. मग हात आपोआप चालू लागले. प्लगच्या मापाचा बिट, भोक किती खोल पाडायचं त्या खुणेला बिटावर चिकटपट्टी, डोळ्यांवर चष्मा. आधी हळू, मग ठोका. मधेच बिट बाहेर काढून भुकटी झाडायची, पुन्हा आत. नयना खाली कागद धरून उभी होती. करडी भुकटी कागदावर साचत गेली आणि भिंतीत एक गोल, सरळ भोक पडलं.

उमाकांतरावांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी खिशातून पुट्टीची छोटी डबी काढली. पहिल्या बिटाबरोबरच ती आणली होती.

"ही जपून ठेव," ते हळूच म्हणाले. "घर सोडताना भोक बुजवता येईल."

नयनाला हसू आलं होतं, ते मावळलं.

"अहो, सोडून कुठे जायचंय? हे घर आता कुणाला परत द्यायचं नाही."

ते देव्हाऱ्याशेजारी सोफ्यावर बसले. चष्मा काढून डोळे पुसले, आणि भुकटी गेली म्हणाले. नयनाने ते मान्य केलं.

पाडव्याला ती भिंतीवरच्या देव्हाऱ्यातल्या देवांना उभ्याने फुलं वाहत होती. गुडघ्यांची कुरकुर नव्हती. तेवढ्यात आतल्या खोलीतून मशीन घरघरलं. आरसा खुर्चीवरून उतरत होता. त्याआधी घड्याळ झालं होतं, कॅलेंडर झालं होतं, छत्र्यांची खुंटीही झाली होती.

"अहो, आता पुरे!" ती ओरडली.

"एकच!" आतून उत्तर आलं. "आपलीच भिंत आहे."