पायाळूची लाथ

मैना पायाळू होती, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसाची लाथ बसली की पाठीत भरलेली उसण जाते, हे पनवेलीत कुणाला शिकवायला नको! इंग्रज जाऊन स्वराज्य आलं तरी या समजुतीला धक्का लागला नव्हता. कुणी ना कुणी तिच्या ओटीवर येऊन पालथं पडायचंच. नुसता पाय लाव, एवढंच तिच्या आईने सांगितलं होतं. पण वाहवा मिळत गेली तशी मैना अंगाचा भार घालू लागली. पाठ वाजली की लोक खूश व्हायचे.

एकदा शेजारची गंगाबाई, मिठागरात टोपल्या वाहणारी, कमरेत वाकून आली. मैनेने टाच रोवून लाथ हाणली. कट्कन वाजलं. गंगाबाई ताठ उभी राहिली आणि मैनेला आभाळ ठेंगणं झालं.

आठवडाभरात गंगाबाईचा डावा पाय फरफटू लागला. मिठागराच्या बांधावर तिचा झोक जाई, टोपली सांडे. बाई ढोसून येते म्हणून मुकादमाने तिला कामावरून काढलं. विहिरीवर बायकांनी हाच विषय चघळला, तेव्हा गंगाबाई दारूला शिवत नाही आणि पाय लाथेनंतरच फरफटू लागला, हे ठाऊक असूनही मैना म्हणाली, "असंल बाय. कोनाच्या घरात काय हाय, आपल्याला काय ठावं!"

दवाखान्यातल्या नर्स मिरियमबाई गंगाबाईला तपासायला आल्या. मैना दारातच उभी होती.

"मैनेच्या पायानं गुण आला व्हता," गंगाबाई म्हणाली. "माजंच नशीब फुटकं."

मैनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर मिरियमबाईंनी तिला समजावलं. पाठ वाजली म्हणजे बरी झाली असं नव्हे. आतली नस चेंगरली की पायातलं बळ जातं, तोल जातो.

"मंग इतक्या लोकांना गुण आला तो?"

"उसण बहुतेक वेळा आपसूक जाते, मैना. तेव्हा नाव तुझ्या पायाचं होतं. आणि बिघडलं की नाव दारूचं?"

मैना तशीच मिठागरावर गेली. सगळ्यांसमोर मुकादमाला म्हणाली, "गंगी दारू पीत नाय. तिचा पाय मी घालवला." बोलताना तिची मान वर होत नव्हती. मुकादमाने गंगाबाईला मिठाच्या राशींच्या राखणीवर घेतलं, बसून करायच्या कामावर. पाय मात्र पुरता सुधारला नाही.

पुढे कुणी ओटीवर पालथं पडलं की मैना पाय लुगड्याखाली ओढून घ्यायची आणि म्हणायची, "उठ बाबा, दवाखान्यात जा." कुणी हट्ट धरला तर रस्त्याने फरफटत जाणाऱ्या गंगाबाईकडे बोट दाखवायची.

मंडळी, न शिकलेल्या विद्येचा मान घेणं वाईटच. पण त्यातली आपली चूक दुसऱ्याच्या माथी जाताना गप्प बसणं, हे त्याहून मोठं पाप!