केबल काढल्यावर

आजोबा सकाळपासून रुसून बसले होते आणि मिरचीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आजोबा म्हणजे फोन. ऑफिसातल्या फळीवर तपासणीचे पाच फोन मांडलेले असत, त्यातला सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त, कोपऱ्याला तडा गेलेला तो आजोबा. आणि मिरची म्हणजे हे फोन तपासणारी बाई. हे नाव तिला ऑफिसनंच दिलेलं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग एकदा कुणाच्या तरी तोंडून समोरच निसटलं, त्यावर ती म्हणाली, 'मग झोंबतेच मी,' आणि नाव कायमचं चिकटलं. तिचं काम सरळ होतं. बाकीच्यांनी ॲप लिहायचं, हिनं ते खऱ्या फोनवर चालतं का ते बघायचं, आणि चालत नसलं तर भांडायचं. भांडण्याचा भाग तिला विशेष जमायचा.

ॲप होतं ऐकू न येणाऱ्या आईबापांसाठी. पाळण्याजवळ एक छोटी डबी ठेवायची. बाळ रडलं की डबी फोनला निरोप धाडणार आणि आईच्या खिशातला फोन थरथरणार. बस, एवढंच. पण या एवढ्याशासाठी मिरची जीव टाकत होती, कारण तिच्या थोरल्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ताईचं बाळ आत्ता कुठं कुशीवर वळायला लागलं होतं. दाजींनाही ऐकू यायचं नाही, आणि ते दिवसभर छापखान्यात. ताई बाहेरच्या खोलीत मशीनवर शिवणकाम करायची आणि बाळ आतल्या खोलीत पाळण्यात. ॲप अजून लोकांसाठी खुलं व्हायचं होतं, तरी मिरचीनं साहेबांच्या मागे लागून ते ताईच्या फोनवर आधीच घालून दिलं होतं, डबीसकट. ताईचा फोन म्हणजे आजोबांचा सख्खा भाऊ, त्याच बनावटीचा. "तुझ्याच फोनसारख्या फोनवर मी स्वतः तपासते. तू बिनघोर शीव," असं तिनं ताईला हातांनी सांगितलं होतं. ताई चार टाके घातले की उठून आत डोकावायची, ते त्या दिवसापासून थांबलं.

आज संध्याकाळी ॲप सगळ्यांसाठी खुलं व्हायचं होतं. आणि नेमकं आजच आजोबा संगणकाला ओळख द्यायला तयार नव्हते.

केबल लावली की फोनवर चार्जिंगची खूण उगवे, पण संगणकाच्या यादीत आजोबांचा पत्ता नाही. मिरचीनं केबल काढून पुन्हा लावली. संगणकाच्या दुसऱ्या खाचेत लावली. फोन बंद करून चालू केला, संगणक बंद करून चालू केला, फोनच्या तोंडात अडकलेला कचरा टाचणीनं उकरून काढला. शेवटी टेबलाखाली शिरून, गुडघे धुळीत घालून, मागच्या खाचेत लावून बघितली. ढिम्म! टेबलाखालूनच तिनं फोन बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि बाहेर येताना डोकं आपटलं ते वेगळंच.

डोकं चोळत ती उभी राहिली तर समोर भिंतीवरचा मोठा पडदा. त्यावर रोजच्या तपासणीचा निकाल लागत असे, पास म्हणजे हिरवं, नापास म्हणजे लाल. पाचही फोन हिरवे होते. आजोबासुद्धा. आणि खाली तपासणाऱ्याच्या जागी नाव हिचं.

आता बोला. जो फोन सकाळपासून संगणकाला दिसतच नव्हता, तो पास कसा झाला?

मिरची काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा शहाण्या माणसानं खोलीबाहेर जावं. तिनं आजोबांना उचललं, बंद केलं, आपल्या पर्समध्ये टाकलं, पर्सची चेन लावली आणि तपासणी पुन्हा सुरू केली. थोड्या वेळानं पडद्यावर निकाल आला. पाचही हिरवे. आजोबा पर्समध्ये बसून परीक्षा पास झाले होते.

ती सरळ लाडोबाच्या टेबलाशी गेली. लाडोबा म्हणजे ॲप लिहिणारा पोरगा. हुशार होता, नाही असं नाही, पण साहेबांचा इतका लाडका की त्याची शिंकही कौतुकाची. त्यानं कानातले हेडफोन काढले आणि अगदी शांतपणे समजावून सांगितलं. फोन सापडला नाही की तपासणी आपोआप एमुलेटरवर वळते, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या नकली फोनवर. ही सोय त्यानंच करून ठेवली होती. दोन महिने झाले असतील. आजोबांची संगणकाशी जोडणी सारखी सारखी तुटायची, भिंतीवर लाल दिसायचं, आणि साहेबांना लाल बघवायचं नाही. काम अडू नये म्हणून केलं, म्हणे.

"माझ्या नावानं पास लिहिलंस तू," मिरची म्हणाली. "थरथरायला त्या एमुलेटरच्या अंगात आहे काय? सांग ना मला. काय थरथरलं?"

लाडोबानं तिला 'अगं, व्यवहारात दोन्ही एकच' असं काहीतरी ऐकवलं. ते ऐकून तिचं पित्त असं खवळलं की शेजारच्या टेबलावरच्यांनी मान खाली घालून उगाचच टंकायला सुरुवात केली. एकच कसं? नकली फोन कधी कुणाच्या खिशात गेला नाही, कधी पडला नाही, त्याची बॅटरी जन्मात उतरली नाही. 'थरथर' म्हटलं की 'थरथरलो' म्हणतो, आणि याला ते पुरतं. कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकतोयस, असं ती ओरडली. साहेबांच्या? ते आनंदानं फेकून घेतात. पण ज्या बाईला ऐकू येत नाही तिच्या? हे बोलता बोलताच तिची नजर त्याच्या टेबलावर गेली. त्याचा स्वतःचा फोन निवांत चार्ज होत होता, तिच्या लाल चिकटपट्टी लावलेल्या केबलवर. म्हणजे तिची चांगली केबल या महाशयांनी उचललेली, आणि तिच्या टेबलावर टाकलेली नुसती चार्ज करणारी भिकार, जिच्यातून माहितीचा एक कणही जात नाही. सकाळभर ती धुळीत रांगली ती या दिवट्यापायी.

तिनं केबल हिसकली. आजोबांना पर्समधून काढून लावली. फोननं विचारलं, या संगणकावर विश्वास ठेवायचा का? ठेव बाबा, म्हणत तिनं बोट दाबलं, आणि यादीत आजोबा एकदाचे उगवले. तिनं खरी तपासणी लावली. संगणकानं खोटं रडणं धाडलं आणि आजोबा टेबलावर घर्रघर्र करत थरथरले. पुन्हा धाडलं, पुन्हा थरथरले. दर वेळी, न चुकता.

"झालं समाधान?" लाडोबानं विचारलं.

थोबाडीत बसल्यासारखं झालं तिला. आजोबा खरोखर पास होते, आणि ती सगळ्या ऑफिससमोर आकांडतांडव करून बसली होती. तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं आणि गोड आवाजात झाडलं. कामाच्या जागी आवाज चढवू नये, सहकाऱ्यांवर विश्वास ठेवावा, शेवटी निकाल तर हिरवाच आला ना, वगैरे. तिनं ऐकून घेतलं. बाहेर आली, केबल खसकन उपटली, आजोबांना टेबलावर टाकलं आणि जेवायला निघून गेली. जेवण कसलं, राग चावत बसली होती.

परत आली तर टेबलावर डबी दिसली. डबीला ऐकवायला तिच्याजवळ भाच्याच्या रडण्याचा आवाज भरून ठेवलेला होता. राग उतरत नव्हता, हाताला काहीतरी चाळा हवा होता, म्हणून तिनं तो वाजवला. बाळ रडलं. डबीचा दिवा लागला. आजोबा तसेच पडून राहिले.

तिनं पुन्हा वाजवला. बाळ रडलं, दिवा लागला, फोन गप्प. तिसऱ्यांदा आवाज मोठा केला. लाडोबाही मान वळवून बघायला लागला. सगळ्या खोलीत बाळाचा टाहो भरून राहिला आणि फोन दगडासारखा पडलेला. मग तिनं तो हातात उचलला, आणि उचलल्याबरोबर तो थरथरला.

मिरचीनं फोन पुन्हा टेबलावर ठेवला. हे कोडं नव्हतंच. या धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं की केबल लावलेला फोन चार्ज होत असतो आणि चार्ज होणारा फोन झोपत नाही. केबल काढून टेबलावर नाहीतर खिशात पडून राहिला की जुना स्वस्त फोन बॅटरी वाचवायला झोपी जातो, आलेले निरोप दाराशी अडवून ठेवतो, आणि कुणी उचललं की मग देतो. ठाऊक तिलाही होतं. पण तपासायचं म्हणजे केबल लावायची, हे हाताला इतकं बसलेलं की केबल काढून बघावं हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. लाडोबाची लबाडी सुरू व्हायच्या आधी तिनं प्रामाणिकपणे दिलेले सगळे पास केबल लावून दिलेले होते. ताईला दिलेला शब्दही.

आणि ताईचा फोन रात्री उशाशी चार्जिंगला असायचा. रात्री तो चोख थरथरायचा. म्हणून तर ताईचा त्याच्यावर एवढा जीव. दिवसा तो असायचा तिच्या झग्याच्या खिशात, केबलशिवाय.

साहेब आवाजानं बाहेर आले होते. मिरचीनं त्यांना दाखवलं, काय होतंय ते सांगितलं, ॲप थांबवा म्हणाली. साहेबांनी तोडगा काढला, "सूचनांमध्ये लिहू की फोन चार्जिंगला ठेवा."

"आईनं भिंतीला बांधून घ्यायचं का स्वतःला?" मिरची म्हणाली. त्यांचं आणखी काही ऐकायला ती थांबली नाही, पर्स शोधत होती. लाडोबाचा चेहरा उतरला होता. तो साहेबांकडे न बघता म्हणाला, "ॲप मी थांबवतो. तू जा."

जिन्यातच तिनं ताईला निरोप टंकायला घेतला, बाळाकडे बघ, लगेच बघ, आणि अर्ध्यात तिची बोटं थांबली. झोपलेल्या फोनला निरोप धाडून काय उपयोग? कॉलची थरथर ताईनं कधीच बंद करून टाकलेली, तिला कॉल काय कामाचे, आणि शेजारपाजारचे सगळे दिवसा कामावर. तिनं बस पकडली, बस सिग्नलला खोळंबली तशी उतरून पळत सुटली. पळता पळता ती शिव्या देत होती, लाडोबाला, साहेबांना, त्या भिंतीवरच्या हिरव्या रंगाला. स्वतःची पाळी आली तेव्हा तिला शिवी सुचेना.

तिनं घंटेचं बटण दाबलं. आत दिवा उघडझाप करत असणार. ताईनं दार उघडलं, गळ्यात मोजायची टेप, तोंडात दोन टाचण्या. भर दुपारी धाकटीला दारात बघून तिचा चेहरा फुलला. मिरची तिला बाजूला सारून आतल्या खोलीत धावली.

बाळ रडत नव्हतं. पाळण्यात उताणं पडलं होतं, जागं. दुपटं ओलं, मानेखालची उशी ओली. गालांवर पाण्याचे ओघळ सुकून पांढरे झाले होते. मिरचीला बघून ते हललं नाही, हात पसरले नाहीत, ओठसुद्धा काढला नाही. मूठ चोखत नुसतं बघत राहिलं.

ताई मागोमाग आली. टाचण्या तोंडातून काढून तिनं टेपमध्ये खोचल्या, खिशातून फोन काढला, आणि काढल्याबरोबर तो थरथरला. ताईनं हसून तो मिरचीपुढे धरला, मग पाळण्याच्या कडेवर ठेवून दोन्ही हातांनी सांगू लागली.

"बघितलंस? रोज असंच. माझं काम संपतं, मी फोन हातात घेते, आणि नेमका तेव्हाच हा उठतो. दुपारभर हूं का चूं नाही. आईची वेळ कळते याला. इतकं गुणी पोर कुणाचं असेल?"

मिरचीला वाटलं, नाही सांगितलं तर? फोन बदलून द्यावा, काहीतरी कारण सांगावं. पण ताई तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि ज्या बाईनं जन्मभर लोकांची तोंडंच वाचली तिच्यापुढे लपवणार काय? तिनं सांगायला सुरुवात केली. खुणा एकमेकींत अडकत होत्या. एमुलेटरला त्यांच्यात खूणच नव्हती, तिनं 'खोटा फोन' असं केलं. लाडोबाचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं, त्यांच्या नावानं हात हवेत आपटले. ताईनं तिचं मनगट धरून ते थांबवलं.

"तू तपासलं होतंस ना?"

"हो."

"माझ्यासारख्याच फोनवर?"

"हो. केबल लावून. फोन उचलेपर्यंत झोपतो, ताई. हा आधीपासून रडत असतो."

ताईनं पाळण्याकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "रोज?"

मिरचीनं मान डोलावली.

ताईनं बाळाच्या गालावरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याला लागलेलं मीठ बघितलं. मग तिनं त्याला उचलून खांद्यावर घेतलं, ओल्या दुपट्यासकट, आणि पाठ फिरवली. तिच्याशी बोलायचं तर तिनं बघायला लागतं. मिरची पाळण्याला वळसा घालून तिच्या समोर जाऊन उभी राहिली, सगळं पहिल्यापासून सांगायला तिनं हात वर केले. ताईनं एकदा तिच्या हातांकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.