हायवेची भिंत आणि मास्तरांचा गळा

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास क्रेनने हायवेकडेच्या भिंतीचा शेवटचा तक्ता बसवला आणि सावेडीतल्या आमराई कॉलनीतली माणसं दचकून घराबाहेर आली. कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली होती. आपल्या की शेजारच्या, ते कुणालाच कळेना.

कॉलनी हायवेला अगदी चिकटून. इथली माणसं बोलता बोलता मध्येच थांबायची, ट्रक पुढे जाऊ द्यायची आणि मग वाक्याचं राहिलेलं शेपूट सांगायची. सोयरिकी जमल्या, भांडणं झाली, मिटलीही, सगळं अर्ध्या अर्ध्या वाक्यांत. आता मध्ये दोन पुरुष उंचीची भिंत उभी राहिली आणि हायवेचा आवाज पलीकडेच राहिला.

ही भिंत आणली रंगनाथने. अर्ज त्याचा, दारोदार फिरून सह्या त्यानेच घेतल्या, आणि हायवे खात्यातल्या साहेबाच्या केबिनबाहेरचं बाकडंही तीन वर्षं त्यानेच झिजवलं. म्हणून कॉलनीच्या सेक्रेटरी लीनाताईंनी रविवारी कार्यक्रम ठेवला. नारळ फोडायचा, दोन शब्द बोलायचे, श्रीमंत मास्तरांचं अभंगगायन आणि प्रसाद. मास्तरांचं नाव रंगनाथनेच सुचवलं होतं.

श्रीमंत हा समोरच्या घरातला त्याचा मित्र. एसटीत कंडक्टर होता, म्हणून मास्तर. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं रोज सकाळी सहाला तो पेटी घेऊन गच्चीवर बसायचा. रंगनाथ अंगणात चहाचा कप धरून वर बघायचा. मास्तरने डोळे मिटून हात वर नेला की हा खालून म्हणायचा, "वा!" नऊ वर्षांत ही दाद कधी चुकीच्या जागी पडली नाही. ऐकू मात्र एक अक्षरही आलं नव्हतं. उसाचे ट्रक, कंटेनर, एसट्या यांच्यातून पेटीचा आवाज खाली पोचणार कसा?

तो आवाज बुधवारी सहाला पोचला. पेटी संगमनेरला निघाली होती आणि गळा बेलापूरला. जिथे सूर चढायचा तिथे मास्तरचा आवाज घाटात बंद पडलेल्या गाडीसारखा नुसता घरघरत होता. पण हात वर गेला, आणि सवयीने रंगनाथच्या तोंडून "वा!" निघून गेलं. तेही सगळ्या कॉलनीला ऐकू गेलं.

"ऐका आता," त्याची बायको पुष्पावती दारातून म्हणाली. "भिंत तुमीच आनली ना?"

"हळू बोल. त्याला ऐकू जाईल."

"जाऊ द्या की! नऊ वर्सं वा वा करून चढवून ठेवलंय त्यांना. रविवारी तर माईक देनार हाय हातात."

रंगनाथचं खरं दुखणं तेच होतं. लोक हसतील, हसू देत. पण मास्तर त्याच्याकडे बघेल आणि विचारेल, मग तू रोज वा कशाला म्हणत होतास? आणि मास्तरने सकाळी गच्चीवर यायचंच सोडलं, तर हा अंगणात कुणाकडे बघत चहा पिणार?

त्याने गुरुवारी आल्याचा काढा नेला. शुक्रवारी ज्येष्ठमध घालून नेला.

"मास्तर, गळा जरा बसलाय तुझा. रविवारी गायचं ऱ्हाऊ दे. मौन लई चांगलं असतं म्हणत्यात."

मास्तरने पेला तळापर्यंत रिकामा केला. "आता मोकळा वाटतोय. सकाळी कसा लागला हुता?"

"लई... लई मोकळा," रंगनाथ चपलेकडे बघत म्हणाला.

शनिवारी सहा वाजले तरी पेटी वाजली नाही. फाटक करकरलं. मास्तर रिकामा पेला घेऊन आला आणि ओट्यावर बसला.

"रंगा, खरं सांग. माझं गानं तू पहिल्यांदा कधी ऐकलंस?"

रंगनाथने डोकं खाजवलं. "बुधवारी."

"मी बी बुधवारीच."

"आं? मग काढा कशाला पीत हुतास?"

"बघत हुतो, किती दिस पाजतोस ते. तीस वर्सं गाडीत काढली मी. बिनतिकिटाचा मानूस मला वळखू येत न्हाई व्हय? मी जवळ आलो की त्यो खिडकीभाईर बघतो. तू चपला बघत हुतास." मास्तर हसला, पण हसू फार टिकलं नाही. "मला वाटायचं, एक तरी मानूस ऐकतोय. मग वा कशाला म्हनायचास रे?"

रंगनाथ सवयीने थांबला. एखादा ट्रक जाईल, तेवढ्यात काहीतरी सुचेल. ट्रक आलाच नाही. भिंत पक्की बांधली होती.

"ऐकू येत न्हवतं," तो शेवटी म्हणाला. "पर बघत हुतो. तुझा हात वर गेला की माझा दिस सुरू व्हायचा. मागं तू लेकीकडं गेल्तास, तवा चार दिस चहा गोड लागला न्हाई मला."

"मंजी गान्याचं तुला काय न्हाई."

"काडीचं न्हाई."

मास्तरने रिकामा पेला ओट्यावर पालथा घातला. मग त्याने घरात हाक दिली, "वहिनी, चहा टाका. तुमच्या मालकाचा काढा नगं."

रविवारी लीनाताईंनी नाव पुकारलं. मास्तर उठला, माईक घेतला. रंगनाथने मान खाली घातली. तेवढ्यात प्रसादाच्या टेबलाजवळ रेटारेटी सुरू झाली, आणि मास्तरचा आवाज भिंतीला जाऊन धडकला, "सरका पुढं! मधी सगळी जागा मोकळी हाय! दारात कुनी थांबू नका!" क्षणात रांग सरळ झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि अभंग, मास्तर?" लीनाताईंनी विचारलं.

"त्यो मागच्या गाडीनं येतोय."

सोमवारी सहाला गच्ची रिकामीच होती. रंगनाथ कप हातात घेऊन वर बघत राहिला. तोच फाटकातून मास्तर आला, खांद्यावर पेटी.

"चल. कप घे संगं."

"तीन वर्सं अर्ज करून आवाज भाईर घालवला," पुष्पावती मागून ओरडली, "आन आता सोताच त्याच्या मागं निगाले!"

भिंतीत माणसांसाठी ठेवलेल्या फटीतून दोघे पलीकडे गेले. तिथे सर्व्हिस रोडवर चहाची टपरी होती, टपरीपुढे बाकडं होतं आणि सगळा हायवे जसाच्या तसा गरजत होता. मास्तरने पेटी मांडली, डोळे मिटले. उसाने भरलेला ट्रक धडधडत गेला. त्याच्यामागे कंटेनर. मास्तरचा हात हळूहळू वर गेला.

"वा!" रंगनाथ म्हणाला.

मास्तरने एक डोळा उघडला आणि त्याच्या कानाशी ओरडला, "काय ऐकलंस?"

"कुटं काय!" रंगनाथही तेवढ्याच जोराने ओरडला. "पर लई भारी! चालू दे!"